चार मात्रा आधी

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत ‘कॉन्ट्रा डान्स’ नावाचं लोकनृत्य आजही भरात आहे. लाकडी जमिनीचा मोठा हॉल, समोरासमोर उभ्या माणसांच्या लांबच लांब रांगा, एका टोकाला छोटं व्यासपीठ. व्यासपीठावर फिडल, पियानो, गिटार वाजवणारे तीन-चार वादक आणि त्यांच्या शेजारी माइक घेतलेली एक व्यक्ती. ही व्यक्ती नाचत नाही आणि बहुतेक वेळा वाजवतही नाही. पुढच्या क्षणी कुणाचा हात धरायचा, कुणाभोवती फिरायचं, कुठून कुठे जायचं, हे ती हॉलभर नाचणाऱ्यांना सांगते. तिला कॉलर म्हणतात. नाच रुळला की कॉलर बोलणं कमी करत नेते आणि शेवटी गप्प होते. वादकांच्या हाती सगळं सोपवून असं गप्प होता येणं हीच या कामातली खरी विद्या आहे, असं मला वाटतं. ती पाहायची तर ‘डान्स वीकएंड’ला जावं. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत चालणाऱ्या या मेळाव्यांना माणसं चार-चार, सहा-सहा तास गाडी चालवत येतात.

आधी नाचाची मांडणी पाहू. सगळे रांगांत उभे राहिले की कॉलर ‘हँड्स फोर’ असं पुकारते. व्यासपीठाच्या बाजूने सुरुवात करून शेजारशेजारच्या दोन-दोन जोड्या हात धरतात आणि चौघाचौघांची कडी तयार होतात. नाच या चौघांत चालतो. आवर्तन संपताना व्यासपीठाकडे पाठ असलेली जोडी रांगेत एक जागा खाली सरकते, तोंड असलेली जोडी एक जागा वर येते. दोघींसमोरही आता नवी जोडी असते आणि तोच नाच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन थांबते, आपसात जागा बदलते आणि उलट दिशेने निघते. या साध्या नियमाचा हिशोब मोठा सुंदर आहे. रांगेत 16 जोड्या असल्या तर 16 आवर्तनांत प्रत्येक जोडी उरलेल्या पंधराही जोड्यांबरोबर बरोबर एकेकदा नाचते आणि एकदा थांबते. कुणी सुटत नाही, कुणी दोनदा येत नाही. आवर्तन 64 मात्रांचं असतं. मिनिटाला साधारण 116 मात्रांची लय धरली तर एका आवर्तनाला 33 सेकंद लागतात, म्हणजे नऊ मिनिटांच्या आत रांगेतल्या सगळ्यांशी गाठ पडते. गावात नव्याने राहायला आलेल्या माणसाची सगळ्यांशी ओळख व्हायला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

64 मात्रांचं कारण सुरावटीत आहे. या नाचाच्या धुनेचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग 16 मात्रांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. नाचातल्या आकृत्या या मोजमापात बसवलेल्या असतात. बहुतेक आकृत्या आठ मात्रांच्या, काही सोळाच्या, ‘बॅलन्स’ चारच मात्रांचा. बॅलन्स म्हणजे हात धरून एकमेकांकडे एक झोकदार पाऊल आणि परत मागे. त्यापाठोपाठ बहुधा ‘स्विंग’ येतो. दोघांनी एकमेकांना धरायचं, उजवी पावलं मध्ये जवळजवळ ठेवायची आणि डाव्या पायाने जमीन मागे ढकलत गरगर फिरायचं. चक्कर येऊ नये म्हणून नजर जोडीदाराच्या चेहऱ्यावर ठेवायची असते. नव्या माणसाला सगळ्यांत अवघड जातं ते हेच. पावलं एका संध्याकाळीत जमतात, पण अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बारा मात्रा पाहत राहायला जास्त वेळ लागतो.

आता कॉलरचं काम जवळून पाहू. तिच्या हातात एक छोटं कार्ड असतं. त्यावर नाचाचं नाव, रचणाऱ्याचं नाव आणि चार ओळी. समजा ओळी अशा आहेत: पहिल्या सोळा मात्रांत समोरच्या जोडीतल्या व्यक्तीबरोबर बॅलन्स आणि स्विंग. पुढच्या सोळांत दोन्ही रांगांनी पुढे येऊन मागे जायचं, मग चौकडीतल्या दोघी बायकांनी उजवा हात उजव्या हातात घालून दीड फेरा घ्यायचा. तिसऱ्या सोळांत आपल्या जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग. शेवटच्या सोळांत चौघांचं कडं डावीकडे पाऊण फेरा, कड्यातच बॅलन्स, मग हात सोडून समोरच्याला ओलांडत पुढच्या जोडीकडे. संगीत सुरू होण्याआधी कॉलर हे सगळं एकदा संथपणे चालवून घेते. याला ‘वॉक-थ्रू’ म्हणतात. तो लांबला तर माणसं कंटाळतात आणि घाईत उरकला तर पहिल्या दोन आवर्तनांत रांग कोलमडते. चांगली कॉलर पावलं कमी सांगते. अमुक आकृती संपल्यावर तुमचं तोंड कुठे आहे आणि शेजारी कोण आहे, एवढं पक्कं असलं की माणसाला पुढची वाट आपोआप सापडते, हे तिला ठाऊक असतं.

मग फिडलवाला चार मात्रांचा ठेका घासून लय दाखवतो. वादक या चार ठोक्यांना ‘फोर पटेटोज’ म्हणतात. नाच सुरू होतो आणि कॉलरची खरी परीक्षाही इथूनच सुरू होते. वळण मागे पडल्यावर ‘डावीकडे घे’ म्हणणाऱ्या सोबत्याचा गाडी चालवणाऱ्याला काही उपयोग नसतो. कॉलरलाही तसंच आधी बोलावं लागतं, आणि किती आधी, तेही ठरलेलं आहे. समेवर स्विंगचा बॅलन्स पडायचा असेल तर त्याची सूचना आधीच्या आवर्तनाच्या 61व्या मात्रेला सुरू होऊन 64व्या मात्रेला संपली पाहिजे. एखादी मात्रा उशीर झाला तर रांगेतली अर्धी माणसं ठोका चुकतात, आणि फार आधी बोललं तर ती चालू आकृती अर्धवट सोडून पुढे धावतात. सूचना चार मात्रांत बसवायची आणि तिचा क्रमही पाळायचा: कुणी, काय, कुठला हात, किती फेरे. ‘बायकांनो’ हा शब्द आधी आला की पुरुष निश्चिंत होतात आणि बायका कान टवकारतात. शेवटी ‘दीड’ ऐकू येईपर्यंत त्यांचा हात पुढे गेलेला असतो.

पहिली दोन-तीन आवर्तनं सूचना पूर्ण दिल्या जातात. पुढे त्या आखडत जातात. चार मात्रांचं वाक्य दोन मात्रांवर येतं, मग एका शब्दावर, आणि सहाव्या-सातव्या आवर्तनाच्या सुमारास माइक बंद होतो. त्यानंतरची चार-पाच मिनिटं हॉलमध्ये फक्त वाद्यं आणि पावलांचा आवाज असतो. कॉलर बोलत नसली तरी तिची नजर रांगांवरून फिरत असते. रांगेच्या टोकाला, जिथे थांबलेली जोडी परत आत शिरते, तिथे गोंधळ व्हायची शक्यता जास्त, म्हणून नजर तिथे अधिक वेळ रेंगाळते. कुठे चौकडी विस्कटलेली दिसली की एखाद-दुसरी सूचना पुन्हा येते, कुणाकडे बोट न दाखवता, सगळ्यांना उद्देशून. काही कॉलर शेवटपर्यंत बोलत राहतात. नवखे जास्त असले तर ते योग्यच, पण हॉल अनुभवी असताना सतत बोलत राहणं मला संगीतावर अन्याय वाटतं.

कारण कॉलर गप्प झाल्यावर तिची जागा वादक घेतात. नाचणाऱ्याच्या कानाला धुनेचा दुसरा भाग सुरू झालेला कळतो आणि आता जोडीदाराकडे वळायचं, हे त्याला सुरावटच सांगते. म्हणून वादकांनी भाग स्पष्ट वेगळे वाजवायचे असतात, हरकती घेतानाही सोळाव्या मात्रेची कड बोथट होऊ द्यायची नसते. नाच सुरू होण्याआधी कॉलर आणि वादक यांच्यात दोन वाक्यांची कुजबुज होते. ‘तिसऱ्या सोळांच्या सुरुवातीला बॅलन्स आहे, शेवटी आणखी एक’, एवढं कॉलर सांगते आणि वादक त्या जागी ठसठशीत आघात असलेली धून निवडतात. नाचात चौघांनी एकमेकांच्या मधून विणत जाण्याची ‘हे’ नावाची सोळा मात्रांची आकृती असेल तर ठोकेबाज धून नको, सलग वाहणारी हवी. रील हा चार ठोक्यांच्या चालीचा प्रकार, जिग हा सहा-आठच्या झुलत्या चालीचा, पण पावलं दोन्हीकडे सारखीच मोजली जातात, त्यामुळे एकच नाच दोन्हींवर बसतो आणि तरी वेगळा वाटतो.

या संगीतात पियानोला फार मान आहे. डाव्या हाताने खर्जाचा सूर ठोक्यावर, उजव्या हाताने स्वरसमूह दोन ठोक्यांच्या मध्ये, असा ‘बूम-चक’ ठेका न्यू इंग्लंडची, म्हणजे या ईशान्येकडच्या राज्यांची, ओळख झाला आहे. तो घडवणाऱ्यांत बॉब मॅक्विलन (1923–2014) यांचं नाव आदराने घेतलं जातं. पेशाने शाळामास्तर असलेल्या या माणसाने 1300हून अधिक धुना रचल्या, बहुतेकांना मित्रमंडळींची नावं दिली, आणि 2002मध्ये त्यांना अमेरिकेतल्या लोककलावंतांचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांचा ‘अमेलिया’ हा वॉल्ट्झ ऐकला नाही असा कॉन्ट्रा नाचणारा विरळाच.

एक नाच आठ-नऊ मिनिटं चालत असल्यामुळे वादक एकाच धुनेवर थांबत नाहीत. दोन-तीन धुना जोडतात. म्होरक्या वादक नव्या धुनेची पट्टी मोठ्याने सांगतो किंवा पाय उचलून इशारा करतो आणि समेवर सगळे एकदम नव्या पट्टीत शिरतात. हा बदल जमला की हॉलमधून आरोळी उठते. त्या क्षणी पावलं तीच, जोडीदार तोच, आणि तरी अंगात नवं बळ आल्यासारखं होतं. शेवट केव्हा करायचा ते कॉलर बोटांनी सांगते. आणखी तीन आवर्तनं, मग एक. ते एक आवर्तन वादक सगळं बळ ओतून वाजवतात.

या नाचाचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन प्लेफर्ड याने 1651मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हा 105 नाचांचा संग्रह छापला. त्यात लांब रांगांचे नाच आहेतच. वसाहतींबरोबर ते अमेरिकेत आले. तेव्हा कॉलर नव्हता. नृत्यशिक्षक शिकवायचे, ऐपत असलेले लोक शिकवणी लावून नाच पाठ करायचे. मग भर नाचात, संगीतावर, तालात सूचना देण्याची पद्धत कुठून आली? नृत्य-इतिहासकार फिल जेमिसन यांनी ‘होडाउन्स, रील्स अँड फ्रॉलिक्स’ या 2015च्या पुस्तकात याचा माग काढला आहे. अमेरिकेतल्या नाचांना साथ करणारे फिडलवादक मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते, काही गुलाम, काही स्वतंत्र. पुकारण्याची प्रथा त्यांच्यातूनच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली, असं जेमिसन दाखवतात. शिकवणीची दारं बंद असलेल्यांना नाच खुला झाला तो या पद्धतीमुळे. कसलीही पूर्वतयारी न करता माणूस रांगेत उभा राहू लागला.

न्यूयॉर्क राज्यातला सॉलोमन नॉर्थप असाच स्वतंत्र कृष्णवर्णीय फिडलवादक होता. वादनाचं काम देतो म्हणून 1841मध्ये त्याला फसवून नेलं आणि गुलाम म्हणून विकलं. लुईझियानाच्या मळ्यांवर काढलेल्या वर्षांची हकिगत त्याने ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ या 1853च्या पुस्तकात सांगितली. दिवसभर राबलेल्या माणसांना मालक रात्री जबरदस्तीने नाचायला लावत असे आणि फिडल नॉर्थपला धरावं लागे, असं त्यात आहे. आजच्या कॉन्ट्राच्या हॉलमध्ये बहुसंख्य माणसं गोरी दिसतात. पुकारण्याच्या कलेमागे कुणाचे हात आहेत, हे तिथे मोठ्याने सांगितलं जायला हवं, आणि अलीकडे ते सांगितलं जाऊ लागलं आहे, ही चांगली गोष्ट आहे.

शहरांत नवनवे नाच आले तसे हे रांगांचे नाच मागे पडले, पण न्यू हॅम्पशायरच्या खेड्यांत टिकले. तिथल्या राल्फ पेज (1903–1985) या कॉलरने ते सांभाळले. नाच आणि धुना गोळा केल्या, 1937मध्ये बेथ टोलमन यांच्याबरोबर ‘द कंट्री डान्स बुक’ लिहिलं आणि 1949पासून साडेतीन दशकं ‘नॉर्दर्न जंकेट’ हे नियतकालिक चालवलं. पुढे 1960च्या दशकात डडली लॉफमन या कॉलरमागे तरुणांची लाट आली. शहर सोडून शेतीकडे वळलेल्या त्या पिढीला वीज न लागणारा, कुणालाही सामावून घेणारा हा आनंद जवळचा वाटला. जुन्या नाचांत बरेचदा एकच जोडी नाचायची आणि दुसरी उभी राहून मदत करायची. टेड सॅनेला यांच्यासारख्या रचनाकार कॉलरनी सगळ्यांना सारखं काम देणारे नाच रचले. आज नाचले जाणारे बहुतेक नाच गेल्या पन्नासेक वर्षांत कॉलरनीच रचलेले आहेत आणि ते एकमेकांना मुक्तपणे देण्याची रीत आहे. रचणाऱ्याचं नाव घ्यायचं, एवढीच अपेक्षा.

आता वीकएंडकडे येऊ. सहसा दोन वादकसंच आणि दोन कॉलर बोलावलेले असतात. आयोजक बहुतेक स्वयंसेवक. बाहेरगावच्या नाचणाऱ्यांना गावातली मंडळी घरी झोपायला जागा देतात, स्वयंपाकघरात पाळ्या लागतात. शुक्रवारी रात्री मुख्य नाच, शनिवारी सकाळपासून वॉल्ट्झच्या, गाण्याच्या, वादनाच्या कार्यशाळा आणि अवघड नाचांची सत्रं, शनिवारी रात्री कळस, रविवारी निरोपाचा नाच. पाण्याच्या बाटल्या, बदलायला कोरडे शर्ट, फक्त हॉलमध्ये घालायचे मऊ तळाचे बूट, हे प्रत्येकाच्या पिशवीत असतंच. काहींच्या कानांत बोळेही असतात.

साध्या साप्ताहिक नाचात कॉलरला तीन तासांचा विचार करायचा असतो, इथे तीन दिवसांचा. दोघे कॉलर आपापल्या याद्या आधी एकमेकांना दाखवतात, म्हणजे तोच नाच दोनदा येत नाही. शुक्रवारचे नाच सोपे, कारण माणसं प्रवासाने शिणलेली असतात आणि हॉलची एकमेकांशी ओळख व्हायची असते. शनिवारी दुपारी एखादी कॉलर वॉक-थ्रू न देता थेट नाच सुरू करते, किंवा न थांबता एका नाचातून दुसऱ्यात नेते. तेव्हा चार मात्रांची शिस्त किती काटेकोर असते ते दिसतं, कारण सूचनेखेरीज कुणाकडे काहीच नसतं. शनिवारी रात्री अवघड नाचांपेक्षा जोरकस नाच निवडावेत, असं जाणते कॉलर मानतात. दमलेल्या मेंदूला कोडी घालू नयेत. रविवारी गुडघे बोलू लागलेले असतात, म्हणून आपटून बॅलन्स करण्यापेक्षा वाहत्या आकृत्या. ही निवड कागदावर दिसत नाही, पण रविवारी दुपारी माणसं लंगडत निघतात की हसत, ते तिच्यावर ठरतं.

भूमिकांची नावंही बदलत आहेत. पूर्वी कॉलर ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ म्हणायचे. आता बहुतेक ठिकाणी जोडीतला डावीकडचा ‘लार्क’ आणि उजवीकडचा ‘रॉबिन’, अशी दोन पक्ष्यांची नावं वापरतात. कुणीही कुठलीही भूमिका घ्यावी, दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी जोडी करावी. मला हा बदल नाचाच्या स्वभावाला धरून वाटतो. दर अर्ध्या मिनिटाला नव्या जोडीबरोबर नाचणाऱ्या रांगेत कोण कुणाबरोबर याची अढी ठेवून चालतच नाही.

मुला-लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा नाच जरूर पाहावा, आणि जमलं तर रांगेत उभंही राहावं. वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये ग्लेन एको पार्क आहे. त्या जुन्या मनोरंजन उद्यानात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. 1960च्या उन्हाळ्यात हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या मेरी-गो-राउंडवर बसून निदर्शनं केली आणि पुढच्या वर्षी उद्यान सर्वांना खुलं झालं. तिथल्या 1933च्या स्पॅनिश बॉलरूममध्ये आज कॉन्ट्रा रंगतो. बहुतेक गावांत नाचाआधी अर्धा तास नवख्यांना शिकवतात. जोडीदार बरोबर न्यावा लागत नाही. इंग्रजी फर्डं येण्याचीही गरज नाही. वीस-पंचवीस आकृत्यांची नावं कानांत बसली की पुरे. चुकलं तर समोरचा माणूस हात पुढे करतो, तो धरायचा.

कॉलर मात्र एवढ्यावर घडत नाही. वीकएंडला अनेकदा नव्या कॉलरसाठी सत्र असतं. त्यात शिकणारा एकच नाच पुकारतो आणि जुनीजाणती मंडळी रांगेत नाचून त्याला पारखतात. त्याची सगळ्यांत अवघड कसोटी ‘मनी मस्क’सारख्या जुन्या नाचात लागते. स्कॉटलंडमधल्या मॉनीमस्क गावावरून नाव पडलेल्या धुनेवर तो नाचतात आणि न्यू हॅम्पशायरच्या रीतीत त्याचं आवर्तन 64 ऐवजी 48 मात्रांचं असतं. वर्षानुवर्षं 64 मोजलेलं अंग 48व्या मात्रेला थांबायला तयार नसतं, नाचणाऱ्याचंही नाही आणि पुकारणाऱ्याचंही नाही. म्हणून शिकणाऱ्याने आधी वादकांबरोबर बसून ती धून तिन्ही भागांसकट गुणगुणता येईपर्यंत ऐकावी, आणि मगच कार्ड हातात घ्यावं, असं त्याला सांगितलं जातं.